उघडा, पण ऐकू नका

नाणी जमवणाऱ्याचा सगळा संसार एका पत्र्याच्या डब्यात मावतो. तिकिटं जमवणाऱ्याला वही पुरते. सोव्हिएत बनावटीचे टेलिफोन, रेडिओ, मीटर आणि स्विच जमवणाऱ्या बाईला मात्र आधी एक खोली लागते, मग भिंतीत पक्की ठोकलेली लोखंडी मांडणी लागते आणि शेवटी समजूतदार सासर लागतं. पहिल्या दोन गोष्टी पैसे टाकले की होतात.

माझ्याकडे तिन्ही आहेत, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. सासूबाईंना आहे, पण ते पुढे येईलच.

जुने रेडिओ जमवणारे पुण्यात पुष्कळ आहेत, पण ती मंडळी घरंदाज. मर्फी, फिलिप्स, बुश, पॉलिश केलेलं लाकूड, सोनेरी कापडाची जाळी. त्यांचा संग्रह दिवाणखान्यात शोभतो आणि पाहुणे त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. माझ्या खोलीत पाहुणा आला की दारातच थांबतो आणि विचारतो, "हे सगळं चालू आहे का हो?" यंत्रांच्या तब्येतीची ही चौकशी नाही, शॉक बसेल का एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

रशियनच का, याला फार मोठं कारण नाही. आमच्या पिढीतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मॉस्को लंडनपेक्षा जवळ होतं. मीर प्रकाशनाची जाडजूड पुस्तकं खिशाला परवडत. पवईची आयआयटी १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर उभी राहिली, आणि पुढे तिथे आलेला 'मिन्स्क' संगणकही तिकडचाच. नाशिकजवळ ओझरला मिग विमानं बनत होती. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटात काळ्या बेकलाइटच्या पेटीतला एक सोव्हिएत मल्टिमीटर होता. नवे मीटर पोरं दर वर्षी उडवायची. ओहमच्या रेंजवर ठेवून थेट मेन्सला लावले की ते गेलेच. हा म्हातारा मात्र काटा एकदा जोरात आपटून घ्यायचा आणि पुन्हा शून्यावर येऊन बसायचा. तो भंगारात निघाला तेव्हा रीतसर लिलाव झाला. मी बोली लावली. दुसरी बोली लागलीच नाही, तरी शिपायाने नियमाप्रमाणे तीनदा पुकारा केला.

त्यानंतर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनचा सर्टिफिकेट कोर्स केला. सासरी सगळ्यांना वाटलं, मी साहित्याकडे वळले. मला फक्त खटक्यांखालची अक्षरं वाचायची होती.

जॉर्जियाला हल्ली आपल्याकडच्या सहली जातात. आमच्या सहलीतली बाकी मंडळी त्बिलिसीत गंधकाच्या पाण्याने आंघोळ करायला गेली आणि आम्ही दोघं ड्राय ब्रिजच्या बाजारात. तिथे पदपथावर आणि मोटारींच्या बॉनेटवर चादरी अंथरून लोक एका साम्राज्याची शिल्लक विकायला बसतात: पदकं, काटे-चमचे, चिनी मातीची हरणं, दुर्बिणी, कॅमेरे आणि मधूनच कापसात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. विक्रेते बोलायचे ते माझ्या नवऱ्याशी. त्याला व्हॉल्व्ह आणि बल्ब यांतला फरक सांगता येत नाही, पण पिशवी त्याच्या हातात होती.

एका आजोबांकडे बेकलाइटचे स्विच होते. एक उलटा करून पाहिला, तर पाठीवर कारखान्याच्या खुणेखाली किंमत: ३५ कोपेक. चिकटवलेली नव्हे, छापलेलीही नव्हे, साच्यातच ओतलेली. सोव्हिएत दुकानदाराला किंमत ठरवायची मुभाच नव्हती. ती वर ठरायची, आणि ठरली की हलायची नाही अशा भरवशावर कारखाने ती वस्तूच्या अंगातच घालून मोकळे होत. आजोबांनी पाच लारी मागितले. मी सर्टिफिकेट कोर्सच्या रशियनमध्ये म्हटलं, "आजोबा, यावर तर पस्तीस कोपेक लिहिलंय."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्विच डोळ्यांजवळ नेला, किंमत वाचली. "बरोबर आहे," म्हणाले, "कोपेक द्या."

पाच लारी दिले.

अशा बाजारात एक टेलिफोन हमखास दिसतो. पांढुरका, डायलच्या मध्यभागी विळा-हातोड्याचं राजचिन्ह. क्रेमलिनच्या बड्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर असे फोन असत. वेगळ्या सरकारी जाळ्यातले, सामान्य माणसाच्या बोटाला कधीच न लागलेले. विक्रेता आवाज खाली आणून त्याचा इतिहास सांगतो. पण राजचिन्ह साध्या फोनवर नंतर डकवता येतं, आणि जगभर जेवढे 'क्रेमलिनचे फोन' विकले जातात तेवढे खरंच तिथे असते, तर पुढाऱ्यांना ते उचलण्याशिवाय दुसरं काही करायला सवडच मिळाली नसती. मी तो घेत नाही. मला पायदळातल्या साध्या सैनिकाचा फोन आवडतो.

त्याचं नाव टीए-५७. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी पेटी, पट्टा लावून खांद्याला अडकवायची. डायल नाही, कारण नंबर लावायचा प्रश्नच नाही. दोन तारा, दोन पेट्या. बाजूचं हँडल गरकन फिरवलं की आतल्या जनित्रातून वीज निघते आणि पलीकडच्या पेटीची घंटा खणखणते. बोलताना रिसीव्हरच्या मुठीवरची पट्टी दाबून धरायची, ऐकताना सोडायची. आमच्या घरात एक पेटी वरच्या खोलीत आहे, दुसरी स्वयंपाकघरात. माझ्या सगळ्या संग्रहातली ही एकच वस्तू सासूबाईंना मनापासून पटली. मोबाईलवर कुठे दाबायचं ते त्यांना दर वेळी विचारावं लागतं. इथे हँडल फिरवलं की सून खाली येते. पट्टी सोडण्याचा नियम मात्र त्या पाळत नाहीत. त्यांचं बोलून झालं की त्या रिसीव्हर ठेवतात, त्यामुळे माझं उत्तर आजवर तारेतून खाली पोहोचलेलं नाही.

हे यंत्र मी शोभेचं समजत होते. मग युक्रेनमधलं युद्ध सुरू झालं आणि खंदकांतल्या छायाचित्रांत हीच पेटी दिसू लागली. रेडिओ बोलला की शत्रूला त्याचा ठावठिकाणा कळतो, जमिनीवर पडलेली दोन पदरी तार हवेत काही सांगत नाही. काही वस्तूंनी संग्रहातच राहावं असं वाटतं, पण ते आपल्या हातात नसतं.

सोव्हिएत घराघरातला खरा आवाज मात्र दुसऱ्याच पेटीतून यायचा. भिंतीत विजेच्या सॉकेटसारखंच एक सॉकेट असे, त्यात स्पीकरची पिन घातली की तारेतून कार्यक्रम सुरू. सकाळी सहाला राष्ट्रगीत. पेटीला स्टेशन बदलायचा खटका नाही, काटा नाही, तबकडी नाही. फक्त आवाज लहान-मोठा करायचं एक बटण. पुढे तीन कार्यक्रमांच्या पेट्या आल्या, पण तीनही सरकारच्याच. दोन्ही सॉकेटं इतकी सारखी, की रेडिओची पिन चुकून २२० व्होल्टमध्ये गेली म्हणजे त्या सकाळचं राष्ट्रगीत धुरातच संपायचं.

या एकबटणी पेटीची थट्टा करणं सोपं आहे आणि मी वर्गात ती भरपूर केली. पण याच तारेवर वेढ्यातलं लेनिनग्राद जगलं. १९४१ च्या जूनअखेर सरकारने लोकांचे खासगी रेडिओ जमा करायला लावले आणि कानाला फक्त ही भिंतीतली तार उरली. कार्यक्रम नसे तेव्हा तारेवर मेट्रोनोमची टिकटिक चाले. संथ टिकटिक म्हणजे आकाश मोकळं, जलद म्हणजे विमानं आली. उपासमारीच्या त्या हिवाळ्यात टिकटिक ऐकू येते आहे याचाच अर्थ शहर अजून आहे, असा होता. तेव्हा स्टेशन बदलायचा खटका कुणाला आठवला असेल?

आणि जिथे तारही नव्हती, वीजही नव्हती तिथे? ही माझी आवडती गोष्ट. पन्नासच्या दशकात तिथल्या खेड्यांसाठी रॉकेलच्या दिव्यावर चालणारा रेडिओ निघाला. दिव्याच्या काचेवर धातूच्या पंखांचं एक झुंबर बसवायचं. त्याची आतली बाजू ज्योतीने तापते, बाहेरचे पंखे खोलीच्या गारव्याने थंड राहतात, आणि या दोन तापमानांच्या फरकातून अर्धवाहकांच्या जोडांत वीज तयार होते. त्याच दिव्याच्या उजेडात जेवायचं आणि त्याच्याच उष्णतेवर बातम्या ऐकायच्या. याची आधीची आवृत्ती युद्धातली. अब्राम योफे या भौतिकशास्त्रज्ञाच्या संस्थेत गनिमी तुकड्यांसाठी एक पातेलं तयार झालं. तळाला असेच जोड, खाली जंगलातली शेकोटी, आत पाणी. पाणी उकळलं तरी शंभर अंशांपुढे जात नाही, म्हणून वरची बाजू जाळाच्या मानाने थंडच राहते. त्यावर वायरलेस चाले. चहाला आधण ठेवायचं आणि चहा होईस्तोवर मुख्यालयाला निरोप द्यायचा. इंजिनियर कुठलाही असो, त्याने हे पातेलं पाहून टोपी काढली पाहिजे. माझ्याकडे ते नाही. मिळालं तर स्वयंपाकघरात ठेवायची परवानगी मिळेल, अशी एक अंधुक आशा आहे.

आता व्हीईएफ. लाटव्हियात रीगाला हा कारखाना होता. तिथे १९६० साली 'स्पीडोला' नावाचा ट्रान्झिस्टर निघाला आणि मग त्याच घराण्यातले व्हीईएफ-१२, व्हीईएफ-२०२ वगैरे. सहा मोठे सेल घालायचे, कडी धरून उचलायचा आणि गावाबाहेर जायचं. गावाबाहेर का, ते सांगते.

१९४८ पासून सोव्हिएत सरकारने परदेशी केंद्रांवर आवाजाचा मारा सुरू केला. बीबीसी, व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ लिबर्टी. ज्या लहरीवर ते बोलणार त्याच लहरीवर घरघर सोडायची. अधूनमधून ती थांबे, पुन्हा सुरू होई, आणि कायमची बंद व्हायला १९८८ उजाडलं. शहरांतली यंत्रणा शहरापुरतीच जोरदार असे. तिथून दूर, शेतातल्या सुट्टीच्या घरी गेलं की घरघरीच्या फटीतून माणसाचा आवाज येई. दुसरा बंदोबस्त कारखान्यातच केलेला होता. दिवसा लांबचे देश स्वच्छ येतात ते १६ आणि १९ मीटरच्या पट्ट्यांवर. देशात विकायच्या बहुतेक संचांत २५ मीटरच्या खालचे पट्टे दिलेलेच नसत. परदेशी पाठवायच्या काही संचांत असत. म्हणजे बनवता येत नव्हते असं नाही.

गंमत यापुढे आहे. त्याच रेडिओच्या खोक्यात 'पासपोर्ट' नावाची एक पुस्तिका असे आणि तिच्या शेवटी घडी घातलेला कागद. तो उलगडला की रेडिओचं अख्खं सर्किट. प्रत्येक रेझिस्टर, प्रत्येक कॉईल, कुठे किती व्होल्ट यायला हवेत तेही. दुरुस्तीचं दुकान लांब, सुटे भाग मिळणं नशिबाचं, तेव्हा बाबा रे, तूच उघड आणि तूच नीट कर, असा सरळ व्यवहार. आजच्या कंपन्या ग्राहकाला पाठीवरचा स्क्रूसुद्धा दिसू नये म्हणून केवढी मेहनत घेतात. त्या काळचं ते संशयी सरकार यंत्राच्या पोटात हात घालायला खुशाल परवानगी देत होतं, फक्त त्यातून काय ऐकायचं ते आपल्याकडे ठेवून. सर्किट ज्याच्या हातात आहे त्याला ऐकण्यापासून किती दिवस रोखणार, एवढा साधा हिशेब त्या नियोजन करणाऱ्यांना कसा सुचला नाही, देव जाणे. देव मानत नसत, हेही खरं.

निकोलाय श्मिटची गोष्ट इथे सांगायलाच हवी. वोझ्नेसेन्ये-वोख्मा नावाच्या आडगावचा हा हौशी रेडिओवाला. १९२८ च्या जूनमध्ये, घरी जोडलेल्या यंत्रावर, नोबिले या ध्रुवप्रवाशाच्या, उत्तर ध्रुवाकडे कोसळलेल्या 'इटालिया' हवाईजहाजाची मदतीची हाक त्याने ऐकली. सगळं जग कान लावून बसलं होतं आणि ऐकू आली ती त्याला. तेव्हा त्याचा सत्कार झाला. १९४२ साली ताश्कंदमध्ये त्यालाच गोळ्या घालण्यात आल्या. चांगला कान असणं हा त्या देशात गुणही होता आणि पुरावाही.

पासपोर्टात आणखी एक तक्ता असतो: या यंत्रात सोनं किती, चांदी किती, ग्रॅममध्ये, दशांशचिन्हापुढे बऱ्याच घरांपर्यंत. सरकारचा हेतू हिशेबाचा होता. आज तोच तक्ता भंगारवाल्यांची यादी झाला आहे. हिरव्या-तांबूस रंगाच्या सिरॅमिक कंडेन्सरांत पॅलेडियम आणि प्लॅटिनम असतं, म्हणून चांगली प्रयोगशाळेतली यंत्रं फोडून त्यांतून चिमूटभर धातू काढतात आणि उरलेलं फेकून देतात. याबद्दल मला बोलायला लावू नका, भाषा बिघडते.

बाकी अडचणी आहेत, पण त्यांच्यावर प्रेम करता येतं. सोव्हिएत आयसीच्या दोन पायांतलं अंतर अडीच मिलिमीटर, पाश्चात्त्य सॉकेटाचं २.५४. छोट्या आयसीला चालून जातं. चाळीस पायांच्या आयसीला शेवटच्या पायापर्यंत पोहोचता पोहोचता पाऊण मिलिमीटरचा मतभेद होतो. आकडे दाखवणाऱ्या त्यांच्या आयएन-१२ या निऑनच्या नळीत पाचाचा आकडा वेगळा बनवलेलाच नाही, दोन उलटा बसवला आहे. नारिंगी उजेडात तो इतका आत्मविश्वासाने चमकतो की आपल्यालाच आपल्या पाचाची शंका यावी. आणि डीपी-६३-ए नावाचं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र आहे, ज्याची तबकडी अंधारात दिसावी म्हणून रेडियमच्या रंगाने रंगवलेली असे. म्हणजे खोलीत मोजण्यासारखं काही नसेल तर ते स्वतः होतं. ते मी घेतलं नाही. समजुतीलाही सीमा असते, सासरच्या आणि माझ्याही.

दुरुस्त केल्यावर ऐकायचं काय, हा प्रश्न उरतोच. सोव्हिएत एफएम ६६ ते ७३ मेगाहर्ट्झच्या आसपास होतं. आपलं सुरू होतं ८८ च्या आगेमागे, त्यामुळे तिथे शांतता. लाँगवेव्हवर भारतात कधी फारसं काही नव्हतंच, आणि खुद्द रशियानेही २०१४ साली आपली लाँगवेव्ह केंद्रं बंद केली. त्याच वर्षी 'व्हॉइस ऑफ रशिया'नेही, म्हणजे पूर्वीच्या रेडिओ मॉस्कोने, शॉर्टवेव्ह सोडली. ४६२५ किलोहर्ट्झवरचा एक भोंगा तेवढा सोव्हिएत काळापासून आजतागायत वाजतो आहे. काही सेकंदांनी एक गुर्र, पुन्हा एक गुर्र, आणि क्वचित मध्येच कुणीतरी रशियनमध्ये नावं आणि आकडे वाचून जातं. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं ते सगळे गेले. ज्याला काहीच सांगायचं नाही तो टिकून आहे.

माझा व्हीईएफ-१२ त्या ड्राय ब्रिजवरचाच, पासपोर्टासकट. घरी आणून मागचं झाकण काढलं. या रेडिओत बँड बदलायला आत एक गोल ड्रम असतो. खटका फिरवला की तो घरंगळत कटकन पुढच्या घरात बसतो. ड्रमच्या परिघावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोवलेल्या, एका बँडला एक पट्टी, तिच्यावर त्या बँडच्या कॉईल आणि चांदीचा मुलामा दिलेले संपर्कबिंदू. पट्टी नखाने उचकटून काढता येते. बाकीच्या पट्ट्यांवरची तार यंत्राने गुंडाळलेली, एकसारखी, मेणात बसवलेली. ५२ ते ७५ मीटरच्या घरातल्या पट्टीवर मात्र कॉईलचे वेढे मोजकेच, हाताने घातलेले, आणि टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून घट्ट केलेले. पासपोर्टातला सर्किटचा कागद उलगडला. त्या कॉईलचा छापील आकडा पेन्सिलने खोडून शेजारी नवा लिहिला होता, आणि खाली बारीक अक्षरात '१६ मी.'.

कोण असेल, ते कळायचा मार्ग नाही. हात सवयीचा होता. डाग ठिपक्याएवढेच, जास्तीचं कथील कुठे नाही. मी त्याला माझ्या हाताखालच्या मुलांपेक्षा बरेच जास्त मार्क दिले असते. नेलपॉलिश कुणाचं ढापलं, हा प्रश्न निराळा.

कंडेन्सर बदलले, बिंदू स्पिरिटने पुसले, टॉर्चचे सहा मोठे सेल घातले आणि रविवारी दुपारी गच्चीवर नेऊन ड्रम त्या पट्टीवर आणला. काटा सरकवताना आधी खरखर, मग एक शिट्टी, आणि मग एकदम स्वच्छ, खणखणीत बाईचा आवाज. चिनी. काहीतरी शिकवत असावी, कारण एकेक वाक्य ती दोनदा म्हणत होती. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. त्या माणसाची पट्टी इतकी सुंदर चालत होती की सगळ्या गल्लीने ऐकावी असं मला वाटलं.

खालून टीए-५७ ची घंटा खणखणली. मी रिसीव्हर उचलला.

"अगं, काय म्हणतेय ती?" सासूबाई.

"कळत नाही हो आई, चिनी आहे."

माझं उत्तर खाली गेलंच नसणार, कारण त्यांनी पट्टी सोडली नव्हती. "कळत नसेल," त्या म्हणाल्या, "तर आवाज लहान करायचं बटण असतं ना त्याला?" आणि रिसीव्हर ठेवला.